लाइन चांगली होती

आमची ओळख एका संत्र्यामुळे झाली, आणि ते संत्रं माझ्या पायाखाली येऊन फुटलं.

मलकापूर स्टेशनासमोर मेहबूबभाईंचं नेट कॅफे होतं. लोखंडी जिना, वर सहा संगणक, त्यातले चार चालू. मी जिना चढत होते, तो उतरत होता. त्याच्या पिशवीचा बंद तुटला आणि संत्री टपटपत खाली आली.

"थांबा थांबा मॅडम, पाय खाली ठेवू नका—"

"ठेवलाय."

"मंग ते तुमचंच झालं." तो खाली वाकून बाकीची गोळा करू लागला. "बाकीच्याईले सोडा. त्याईचा काई गुन्हा नाई."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग करून आलेली मुलगी, जिन्यावर अनोळखी माणसाच्या बोलण्यावर हसते होय! चपलेला मात्र दिवसभर संत्र्याचा वास येत राहिला... आणि दर वेळी तो आला की मला ते बोलणं आठवायचं.

दोन हजार नऊचा नोव्हेंबर होता. कंपनीचं पत्र माझ्या हातात होतं, पण रुजू होण्याची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती. मंदी, म्हणे. गल्लीत प्रत्येकजण विचारायचा, "काऊन बाई, पुण्याले कधी जातं?" त्याची लाज वाटून मी रोज कॅफेत जाऊन बसायची. तिथं माझ्याकडे एक काम होतं. बिनपगारी, पण खरं.

लिनक्स ही फुकट मिळणारी, लोकांनी मिळून चालवलेली संगणकप्रणाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणारी अवजारं जगात कुणी ना कुणी सतत सुधारत असतं. ती ताजी असतानाच नीट बांधून, तपासून, वर आकडा आणि नाव घालून आमच्या लिनक्सच्या कोठारात ठेवायची, हे आमचं काम. तिथून ती घरोघरच्या संगणकांवर आपोआप उतरतात. आमच्या गटात जगभरची तीसेक माणसं होती. कोठारात माल ठेवायला सही लागते, संगणकावरची सही. ती मला पुण्यात असतानाच मिळाली होती.

"हा पण तेच करून राह्यला जे तुम्ही करता," मेहबूबभाई पुढच्या शनिवारी म्हणाले आणि संत्रीवाल्याकडे बोट दाखवलं. "फुकटका काम. दोघं बी येडे. एका टेबलावर बसा, माहा एक पंखा तरी वाचन."

तो सोनाळ्याचा. घरची संत्र्याची बाग. दर शनिवारी टेम्पोबरोबर मलकापूरला यायचा, पेट्या उतरवायचा आणि मग दोन वाजेपर्यंत कॅफेत बसायचा. दोनला लोडशेडिंग. आमच्याकडे त्याला नुसतं म्हणतात, लाइन गेली.

"शालिग्राम," त्यानं नाव सांगितलं. "आजोबाचं ठेवलं. बदलाचा इचार होता, पण पेट्याईवर तेच छापेल हाय. तुमचं?"

माझंही नाव आजीचंच. चांगुणा. पुण्यात हजेरीला ते नाव घेतलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची.

"चारू," मी म्हटलं.

त्याच्यापुढची पहिली लाज ती. लहानशी. पण त्यानं इतक्या सरळपणे मान हलवली की मला ती टोचली.

मग शनिवार होत गेले. जिनिंग गिरण्यांचे दिवस होते, कापसाचे तंतू खिडकीतून आत यायचे आणि कीबोर्डवर बसायचे. एकदा माझ्या केसांत एक तंतू अडकला. त्यानं हात पुढे केला, मागे घेतला, मग नुसतं स्वतःच्या केसांकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं... पांढरं."

"म्हातारी झाले मी."

"अजून नाई. पण झाली तरी चालन."

...मी पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर काय होतं, देवाला ठाऊक.

कामात तो माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. वडील आजारी पडले म्हणून त्याची बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटली होती. हातात कागद नाही. त्यानं गटाकडे सहीसाठी अर्ज केला होता, निकाल डिसेंबरात. नाशिकच्या एका माणसानं त्याला सांगितलं होतं, सही मिळव, मग घरी बसून करायचं काम देतो.

"डिग्री नाई तर नाई," तो म्हणायचा. "पेटीवर नाव आलं पाह्यजे, बस. संत्रं असो का सॉफ्टवेअर. वरचा थर चांगला, खाली सडका, असं भरलं का बाजारात नाव जाते."

आमच्या दोघांकडे मिळून एक अवजार होतं. प्रोग्रॅममधली चूक शोधून देणारं. हसू नका. त्याची नवी आवृत्ती येणार होती. बांधणी सगळी शालिग्रामनं केली, तपासली, पेन ड्राइव्ह माझ्याकडे दिला. आवृत्ती जाहीर झाली की आकडा घालायचा, माझी सही करायची आणि वर पाठवायचं, इतकंच उरलं होतं. त्या शनिवारी बागेत तोडणी होती, तो येऊ शकला नाही. दोनला दहा मिनिटं असताना त्याचा फोन आला.

"हॅलो मॅडम, ऐकू येऊन राह्यलं?"

"येतंय. लवकर सांग, लाइन जाईल."

"झाडावर हाय मी."

"झाडावर?"

"खाली रेंज नाई ना. आत्ताच मेल आला मोबाइलवर. लिहा..." पानं सळसळली. मग एकदम हळू आवाजात, "चारू—"

"हं?"

"काई नाई. मॅडम न लावता कसं वाटते ते पाह्यलं. लिहा आता. शून्य, टिंब, एकोणतीस."

मी लिहिलं. सही केली. पाठवलं. पंखा थांबला, पडदे काळे झाले, मेहबूबभाईंनी खिडकीतून कुणाला तरी शिवी दिली. आणि मी अंधारल्या खोलीत हातात फोन धरून बसले होते. ते एक 'चारू' कानात... आणि कान गरम.

सोमवारी कॅफेत आले आणि गटाचा मेल उघडला. गट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, हा 0.39 आकडा कुठून आला? बाहेर तर 0.29 आहे.

मी बघत राहिले. एकोणतीस. मी 39 लिहिलं होतं.

ही साधी चूक नव्हती. संगणक मोठा आकडा तो नवा समजतो. एकदा 39 घरोघर गेल्यावर उद्या 30 आलं, 31 आलं, तरी तो म्हणणार, माझ्याकडे याहून नवं आहे. कुणालाच पुढचं काही मिळणार नाही. त्यावर एकच उपाय असतो. आकड्याच्या पुढे 'एक आणि दोन टिंबं' लावायची. 1:0.29. म्हणजे, मागचं विसर, इथून नव्यानं मोज. पण तो एक मग कधीच काढता येत नाही. जो बघेल त्याला कळतं, इथं कुणीतरी माती खाल्ली होती.

मी उत्तर लिहिलं. इंग्रजीत, एकच वाक्य. 'आकडा मला फोनवर सांगण्यात आला होता.'

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं.

तासाभरात शालिग्रामचा मेल. 'बांधणी माझी. आकडा मीच सांगितला. बोलताना घोटाळा झाला असेल. चूक माझी समजा.' संध्याकाळपर्यंत बाईंचा निर्णयही आला. त्याचा सहीचा अर्ज सहा महिने पुढे.

शनिवारी तो आला. नेहमीसारखी दोन संत्री माझ्यापुढे ठेवली.

"तू असं का लिहिलंस?" मी विचारलं.

"मंग काय लिहाचं? पेटी म्या भरली. एखादं सडकं निंगालं तर दलालाले सांगू का, बुवा हे माह्या भावानं ठेवलं?"

"पण तू एकोणतीसच म्हणाला होतास..."

"म्हनलो असन. लाइन खराब असन. जाऊ दे ना."

तो मला दार उघडून देत होता. लाइन खराब होती म्हण, आणि निघून जा. मी त्या दारातून गेले. "हो," मी म्हटलं, "आवाज तुटत होता."

"रडून राह्यली का?"

"सालीचा रस उडाला डोळ्यात."

साल अजून काढलीच नव्हती. त्यानं संत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते सोलायला घेतलं.

घरी आले. बाबा ओट्यावर बसले होते. माझे बाबा गुलाबराव मास्तर, अर्ध्या तालुक्याला गणित त्यांनीच शिकवलं. मी शेजारी बसले.

"बाबा, एकोणतीस म्हटलं की तुम्हाला काय दिसतं?"

ते मोठ्यानं हसले. "मले? मले तर तू दिसतं! दुसरीत होती. पाटीवर एकोणतीस लिही म्हनलं, तं तू एकोणचाळीस लिहून आणले. तीस ऐकले का पुढं नऊ जोडलेच! म्या ते पाटी साऱ्या वर्गाले दाखवली. मास्तरची पोरगी..." आणि ते हसता हसता थांबले. "दोन दिवस शाळेत आली नव्हती तू."

"तीन."

"दाखवाले नव्हती पाह्यजे," बाबा म्हणाले. मग हळूच, "चुकलं माहं, चांगुणा."

इतकं सोपं होतं ते. दोन शब्द, उशिरा का होईना. साठीचा माणूस म्हणू शकतो, आणि मी—

रविवारी कॅफे उघडायच्या आधी मी जिन्यावर उभी होते.

"इतवारच्या दिवशी?" मेहबूबभाई कुलूप काढत म्हणाले. "क्या पगार वाढला?"

दुरुस्तीची आवृत्ती कुणीतरी पाठवायचीच होती. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक बदलनोंद जाते, काय बदललं, कुणी बदललं. तीही घरोघर पोहोचते आणि तीही कधी पुसली जात नाही. मी इंग्रजीत लिहिलं:

'आकड्यापुढे 1: लावला. शालिग्रामने फोनवर 0.29 बरोबर सांगितलं होतं. 39 मी लिहिलं. नंतर ते मला माहीत असूनही मी गप्प राहिले. त्याचा अर्ज माझ्या चुकीसाठी अडवू नये.'

मग खाली एक ओळ मराठीत. पुण्याच्या मराठीत लिहायला गेले, तर ती खोटी वाटायला लागली. पुसली. पुन्हा लिहिली, चार वर्षं जी बोली तोंडातून निसटू नये म्हणून जपत होते त्याच बोलीत:

'लाइन चांगली होती. लक्ष तुह्या आवाजाकडं होतं.'

आणि नाव. गटात लिहीत होते ते चारू नाही. चांगुणा गुलाबराव. सही केली, पाठवून दिलं. जगात किती संगणकांवर ती ओळ उतरणार होती! वाचता येणारी माणसं किती, कुणास ठाऊक. मला एकानं वाचायला हवी होती.

बाईंचं उत्तर आलं. माझी सही तीन महिने बंद, त्याचा अर्ज पुन्हा विचारात. बरं वाटलं, खरंच. शालिग्रामचं मात्र काहीच नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला... मी फोन उशाशी ठेवायची आणि वाजला की दचकायची.

बुधवारी जिना वाजला. बुधवारी तो कधी यायचा नाही. हातात पिशवी नाही, संत्री नाहीत, केसांत एसटीची धूळ. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"चांगुणा कोण हाय?"

मी मान खाली घातली. "मी."

"मंग म्या झाडावर चढून कोणाचं नाव घेतलं?"

"...खोटं. मला लाज वाटायची त्या नावाची."

"आन मले शालिग्राम नावाची नसन वाटत?" तो पुढे वाकला. "ते खालची ओळ. काढता येते का आता?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. त्या एकासारखी."

"बरं झालं," तो म्हणाला. मग टेबलावरचा कापसाचा तंतू बोटानं फिरवत, "राग आला होता मले. तुह्या चुकीचा नाई. तू म्हनली ना, आवाज तुटत होता... तवा आला. म्या तं झाडावर श्वास धरून बोललो होतो, तुटू नाई म्हणून."

"मले माहीत आहे," मी म्हटलं. मले. निसटलंच. त्यानं चमकून वर पाहिलं आणि हसला. पहिल्यांदा मीही हसू दाबलं नाही.

"उत्तर कुठी लिहू माहं?" त्यानं विचारलं.

"सही आली की लिही. घाई नाही."

"तुले नसन. मले हाय."

दोनला लाइन गेली. आम्ही तिथंच बसून राहिलो. मेहबूबभाईंनी खिडकी उघडली, आणि पंख्याचे पैसे वाचले, तेवढ्यात चहा होतो, असं स्वतःशीच पुटपुटत खाली चहा सांगायला गेले.

सही त्याला जानेवारीत मिळाली. 0.30 त्यानं स्वतः बांधली, स्वतः पाठवली. 1:0.30. बदलनोंद त्याची: 'नवी आवृत्ती.' आणि खाली मराठीत: 'माहं बी.'

आमचं बाळ झोक्यात चुळबुळ करतंय, थांबायला हवं. आत्ताच मी संगणक उघडून पाहिलं. ते अवजार आता दुसऱ्या आवृत्तीच्या पुढे गेलंय, कुणी दुसराच सांभाळतो. आकड्यापुढचा तो एक मात्र तिथंच आहे. पूर्वी तो दिसला की मान खाली जायची. अजूनही थोडी जाते... शालिग्राम बागेतून आला आणि खोटं खोटं विचारायला लागला, "चांगुणा, एकोणतीस म्हंजे किती वं?", तर जास्तच जाते.