बरं म्हणजे क्लिअर नव्हे

विमानाच्या नाकाखाली उभं राहून कानाला हेडफोन लावला, की वरचा माणूस दिसत नाही. नुसता आवाज येतो. नीला खरातला तो आवाज पहिल्यांदा भेटला तो चौऱ्याण्णव साली, भर उन्हात.

“ग्राउंड, कॉकपिट... अरे, खाली कोण आहे?”

“अरे नाही, अगं. नीला खरात, मेकॅनिक.”

वरून हसू ऐकू आलं. “मराठी? कुठली?”

“डोंबिवली, मानपाडा. आणि आपण?”

“नाथा तांडेल, को-पायलट. कोळशेतचा. बापाचं होडकं खाडीत, माझं आभाळात.”

“मग जपून चालवा. वर पोहता येत नाही.”

हेडफोनच्या या वायरीवर ठरलेले इंग्रजी शब्दच बोलायचे असतात. पण एका वायरीच्या दोन टोकांना दोन मराठी जीव, ते काय गप्प बसणार? दुसऱ्याच दिवशी स्वारी तिला बघायला जिना उतरून खाली हजर.

“हनुवटीला ग्रीस लागलंय.”

“लागू दे. आमची पावडर आहे ती,” ती म्हणाली... आणि दिवसभर उगाचच हसत राहिली.

महिना असा गेला. मग तो मंगळवार आला. तपासणी चालू होती. वरून नाथा म्हणाला, “फ्लॅप खाली घेतो हं.” फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागची मोठी झडप. नीला म्हणाली, “बरं,” आणि पंखाखाली कोणी आहे का ते बघायला वळली. तोवर फ्लॅप खाली आला तो थेट पंखाला लावलेल्या शिडीवर. शिडी मोडली, फ्लॅप चेपला. म्हातारे मेकॅनिक उत्तमदादा पाना आणायला नुकतेच त्या शिडीवरून उतरले होते, म्हणून वाचले.

कॅप्टनने अहवाल लिहिला: मेकॅनिकने ‘क्लिअर’ दिलं, म्हणजे खाली कोणी नाही, खुशाल हलवा असं सांगितलं. खाली नाथाची सही तेवढी बाकी होती. ती पडली की नीलाची नोकरी गेलीच. हे बाईचं काम नव्हे, असं म्हणणारे तर टपूनच बसले होते.

नाथाने तिला कँटीनमध्ये गाठलं. “तू हो म्हणालीस ना?”

“मी बरं म्हणाले!”

“तेच ते!”

“तेच ते कसं? आमच्या घरी बरं म्हणजे ऐकलं. बाबा म्हणतात भाजी आण, मी म्हणते बरं, आणि तासाभराने उठते.”

“आमची आय बरं म्हणाली की होडी सुटलीच...”

चहावर साय धरली.

“सही नाही केली तर दोष माझ्यावर येईल, माझं उडणं बंद होईल, नीला.”

“बरं.”

तो दचकला. “म्हणजे?”

“म्हणजे ऐकलं,” ती म्हणाली आणि ताडकन उठून गेली. बाहेर जाऊन रडली, पण ते त्याला कशाला कळू द्यायचं!

चौकशीच्या खोलीत तिला उभंच ठेवलं. “मी क्लिअर म्हटलेलं नाही,” नीला म्हणाली. “काढायचं तर काढा, पण खोट्या शब्दावर नाही.”

“एका शब्दाने काय फरक पडतो?” कॅप्टन खेकसला.

नीला चौकशीच्या साहेबांकडे वळली. “साहेब, घरी बाईसाहेब ‘बरं’ म्हणाल्या की काम झालेलं असतं?”

साहेबांना हसू आवरेना. तेवढ्यात नाथा उठला.

“तिने क्लिअर दिलं नाही, सर. मी ‘घेतो हं’ म्हणालो, ‘घेऊ का’ विचारलंच नाही. चूक माझी.”

“तांडेल, विचार कर,” कॅप्टन म्हणाला.

“केला, सर.” आणि त्याने अहवाल सही न करताच परत सरकवला.

त्याचं उडणं तीन महिने बंद. तिला वायरीवर गप्पा मारल्याबद्दल ताकीद. पण नोकरी राहिली.

तीन महिन्यांनी हेडफोनमध्ये तोच आवाज... “ग्राउंड, कॉकपिट. लग्न करायचंय. क्लिअर?”

ती म्हणाली, “नाही. शिडीवर दोन माणसं आहेत. माझे बाबा आणि तुझी आय.”

“मी बोलतो—”

“तू कशाला हात लावू नकोस. खालचं मी बघते.”

बाबा दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मासे तरी ताजे मिळतील.” रविवारी नीला एकटी कोळशेतला गेली. नाथाची आई सखुबाई विळीवर मासे कापत होती.

“बौद्धाची पोर, त्यात हाताला ग्रीस!”

“ग्रीस साबणाने जाईल. बौद्ध मी राहणारच. मला नाथा हवाय. विचारायला नाही, सांगायला आलेय... पण तुम्ही ये म्हणालात तर फार आवडेल.”

सखुबाईने तिला खालून वर न्याहाळलं. मग विळी आडवी केली.

“बरं.”

दारात उभा नाथा हसून पुढे सरसावला. नीला मात्र हलली नाही.

“बरं म्हणजे नुसतं ऐकलं, की होडी सुटली?”

“सुटली गो सुटली! हात धू नि जेवाया बस.”

नीला वळली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, “कॉकपिट... क्लिअर!”