साडेबाराचा फोन

“तुझा ठिपका चुकलाय,” जोसी म्हणाली.

मैदानात गुडघे टेकून रेषा आखायची रंगाची गाडी पुसत बसलेल्या मुलाने मान वर केली. सकाळचे साडेसहा, कॅन्ससचा मोकाट वारा, आणि समोर काखेत फुटबॉल मारून उभी असलेली ही लांब वेणीवाली!

“कुठला ठिपका?”

“पेनल्टीचा. बारा यार्डांवर हवा ना? हा फूटभर जवळ आहे.”

“टेपने मोजलाय, बाई.”

“आणि मी पायाने मोजलाय. दहा वर्षं रोज मोजतेय.”

त्याने टेप उलगडली, पुन्हा मोजलं, मग टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं... आणि त्याचे कान लालबुंद झाले. टेपचा पहिला फूटच तुटून गेला होता. आदल्या दिवशी बिचाऱ्याने एकपासून मोजलं होतं, शून्यापासून नाही.

“कोचना सांगणार?” त्याने हळूच विचारलं.

“सांगणार होते... पण तू लाजतोस छान. राहू दे.”

त्याचं नाव एमोस. कॉलेजच्या दोन मैलांवर त्याच्या वडिलांची गव्हाची शेती; शिकता शिकता तो मैदानाची देखभाल करायचा. आणि जोसी शेवटच्या वर्षाला, संघाची स्ट्रायकर, लांब ओरेगनहून आलेली. पहिल्याच नजरेत काळजात कळ वगैरे काही उठली नाही हं! त्या दिवशी तिला एवढंच वाटलं, की उद्या जरा लवकर यावं.

मग ती रोजच लवकर यायला लागली.

कॉलेजच्या खानावळीत गुरुवारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा असायचा, आणि चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल. चार वर्षं झाली तरी जोसीला ही जोडी काही झेपत नव्हती. एमोस मात्र रोल सरळ त्या तिखट रश्शात बुचकळायचा.

“शी! माणूस आहेस की कोण?”

“खाऊन तर बघ.”

“मरेन.”

“मग मी आहे ना... खांद्यावर टाकून दवाखान्यात नेईन.”

तिने खाल्ला. आवडलाही. पण कबूल करेल तर ती जोसी कसली? “ठीक आहे,” म्हणाली, आणि त्याच्या ताटातला उरलेला अर्धा रोलही संपवला.

ऑक्टोबरमध्ये सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अचानक पाऊस आला. सराव संपवून बाकीच्या मुली ओरडत आत पळाल्या, आणि हा पठ्ठ्या ताडपत्री घेऊन धावला – ओल्या रेषा झाकायला! जोसीने दुसरं टोक धरलं. दोघं नखशिखान्त भिजले. ताडपत्रीवर दगड ठेवता ठेवता त्याने आपलं जाड जाकीट काढून तिच्या अंगावर टाकलं.

“आधी रेषा, मग मी?” ती कुडकुडत म्हणाली.

“रेषा पळून जात नाहीत म्हणून त्यांना झाकावं लागतं. तू तर... पळणारीच आहेस.”

हसत म्हणाला होता तो. पण ते वाक्य जोसीला लागलं, कारण ते खरं होतं. तिला व्यावसायिक लीगमध्ये खेळायचं होतं. वयाच्या आठव्या वर्षापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

जानेवारीत लीगची निवड होती. देशभरातल्या कॉलेजांमधून फक्त चाळीस मुली घेणार. कोच डेल्कांच्या घरी सगळा संघ दिवाणखान्यात दाटीवाटीने बसला होता. टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जात होतं आणि जोसी एमोसचा हात घट्ट धरून पडद्याकडे बघत होती. दहा झाली. वीस झाली. तीस झाली. चाळिसावं नाव कुठल्या तरी फ्लोरिडाच्या मुलीचं होतं.

“छोट्या कॉलेजचं हेच दुखणं,” कोच म्हणाल्या. “त्यांनी तुला बघितलंच नाही गं पोरी. मी पुन्हा सगळ्या संघांना कळवते.”

जोसी सगळ्यांसमोर हसली. बाहेर येऊन एमोसच्या गाडीत बसली, आणि मग तिचा बांध फुटला. तो नुसता शेजारी बसून राहिला, तिचं रडणं थांबेपर्यंत.

महिना गेला. कुणाचा फोन नाही, पत्र नाही. एमोसच्या गावच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली आणि त्यांनी जोसीला विचारलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी न्याहारी करताना तिने कॉफीचा कप खाली ठेवला.

“मी हो म्हणणार आहे शाळेला. सोमवारी सही करते.”

एमोसचा काटा हवेतच थांबला. “म्हणजे... इथेच?”

“इथेच. तुला काही अडचण?”

“मला कसली अडचण! माझी आई तर गावजेवण घालेल.”

इतका खुलला होता त्याचा चेहरा, की जोसीला वाटलं, जाऊ दे, हेही काही कमी सुख नाही. अन् खरंच कमी नव्हतं.

दुपारी ती एकटीच मैदानावर गेली. सवय, दुसरं काय! साडेचार वाजून गेले असतील. एमोस गवतातून चालत आला, पण त्याची चालच बिघडली होती. चेहरा पांढराफटक.

“काय रे, कुणी मारलं का?”

“जोसी, आधी ऐकून घे. साडेबाराला मी कोचच्या ऑफिसात किल्ल्या ठेवायला गेलो. सगळे जेवायला गेले होते. फोन वाजला, मी उचलला.” त्याने खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली. “पश्चिमेकडच्या एका संघाचा होता. शिबिरात त्यांची एक मुलगी जखमी झालीय. तुला बोलावलंय, रविवारी हजर व्हायला. पाच आठवडे चाचणी, कसलीही हमी नाही. आज पाचपर्यंत होकार हवाय, नाहीतर पुढच्या मुलीला विचारणार आहेत.”

जोसीने चिठ्ठी हिसकावली. “साडेबाराला? आणि आत्ता सांगतोयस?”

“हो.”

“चार तास! चार तास तू हे खिशात घालून फिरलास?”

“हो. शेतावर जाऊन बसलो होतो. म्हटलं, कुणाला कळणार आहे... सोमवारी तू सही केलीस की झालं.” त्याने मान खाली घातली. “नाही जमलं गं. तुला इथे ठेवून घेतली असती, पण मग रोज तुझ्या तोंडाकडे कसं बघितलं असतं?”

तिने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. मग घड्याळ बघितलं: पाचला दहा कमी. ती ऑफिसकडे धावत सुटली.

“अगं थांब!” तो मागून ओरडला. “त्यांचे पाच! म्हणजे आपले सात! त्यांचं घड्याळ दोन तास मागे असतं!”

ती थांबली. वळली. “म्हणजे अजून दोन तास होते तुझ्याकडे?”

“होते.”

“मग आत्ताच का आलास?”

“कारण मला चारच तास जमले,” तो म्हणाला.

जोसीला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं. इतका राग आणि इतकं प्रेम तिला एकाच वेळी कधी आलं नव्हतं. ती परत आली आणि त्याच्या छातीत डोकं खुपसून उभी राहिली. “गाढवा,” म्हणाली, “तुझ्या जागी मी असते ना, तर दिलीच नसती चिठ्ठी.” मग त्याचा हात धरून ऑफिसात गेली, आणि त्याच्यासमोरच फोनवर ‘येते’ म्हणाली.

पुढे ती नऊ हंगाम खेळली. त्या चाचणीतून एकच मुलगी घेतली, ती जोसी. एमोसने गहूच पिकवला. शेती सोडून जाणं त्याच्याने झालं नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही. दोन वर्षं फोन चालले, मग वाढदिवसापुरते उरले. आता तेहतिसाव्या वर्षी ती लहान मुलींना शिकवते. ‘तुमचा सगळ्यांत कठीण क्षण कुठला?’ असं त्या विचारतात तेव्हा ती कुठल्या तरी अंतिम सामन्याचं नाव सांगून मोकळी होते. खरं उत्तर विचिटाच्या विमानतळावरचं आहे, त्या शनिवारच्या सकाळचं.

पिशवी खांद्याला, हातात तिकीट. एमोसने तिच्या जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हात तिथेच राहू दिला.

“एकदाच म्हणतो. म्हटलं नाही तर जन्मभर रुखरुख राहील. आणि तू ऐकू नकोस.”

“म्हण.”

“राहा ना, जोसी.”

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “अजून एकदा म्हण.”

“राहा.”

“नाही,” ती म्हणाली, आणि त्याला सोडायला तिला बराच वेळ लागला.