लाल काकाचं बटण

"दोघांचं बटण दाबू नका. खेळायचंच असेल तर एकेकट्याने खेळा."

जाऊबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मशीन टेम्पोत चढवून झालं होतं. मी पोरीला कडेवर घेऊन उभी होते. मी हसले. म्हटलं, "ताई, आमच्या घरात खेळायला वेळ आहे कुणाला?"

त्या हसल्या नाहीत.

पुढे जे लिहिणार आहे ते माझ्याच घरात घडलेलं आहे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले. या पानावरच्या भुताच्या गोष्टी वाचायचे त्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वेळ जावा म्हणून. आज स्वतः लिहिते आहे आणि लिहिताना दर वाक्याला मागे वळून पाहते आहे. विश्वास ठेवा असं म्हणणार नाही. शेवटी एक छोटं काम सांगेन, तेवढं मात्र करा.

आमचं घर वरच्या मजल्यावर, खाली नवऱ्याचं वर्कशॉप. मधे लाकडी जिना. जिन्याची मधली पायरी कुरकुरते. मांजर गेलं तरी कुरकुरते, इतकी हळवी.

नवरा जुनी गेम मशीनं दुरुस्त करतो. ती उभी, कपाटाएवढी. समोर काचेची स्क्रीन, खाली दांड्या आणि बटणं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, मोठा होणार नाही गं हा कधी. पण हात सोन्याचे. त्याची एक सवय आहे. वायर जोडली की त्या जोडावर तो प्लॅस्टिकची पिवळी नळी चढवतो. बाकी कुणीच वापरत नाही म्हणून पिवळी. "उद्या कुणी म्हणालं की हे काम कुणाचं, तर नळी सांगेल," असं म्हणतो.

ही नळी लक्षात ठेवा.

टेम्पोतून आलेलं मशीन त्याच्या थोरल्या भावाचं. माझे दीर गेम पार्लर चालवायचे. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं. गेल्या वर्षी ते गेले. दुकान उघडून, याच मशीनपुढे बसल्या बसल्या... गेम चालू होता म्हणे.

गेम साधा. काळं आकाश. वरून हिरवी परकी यानं रांगेने खाली सरकतात आणि खालून आपण गोळ्या झाडायच्या. दोघांचं बटण दाबलं की उजवीकडच्या दांडीचं यान लाल, डावीकडचं निळं. दोन्ही कोपऱ्यांत छोटी छोटी यानं दिसतात, म्हणजे तुमचे उरलेले जीव. आणि तो आवाज. टुक... टुक... टुक... शत्रू जवळ येईल तसा भरभर.

नवऱ्याने मला लाल दांडीच्या खाली, फळीच्या आतल्या अंगाला लपलेलं एक बटण दाखवलं.

"ही दादाची बदमाशी," तो हसत म्हणाला. "त्याची यानं संपली की हे दाबायचा. माझ्यातलं एक यान उचलून त्याच्या कोपऱ्यात. स्वतः बसवलं होतं लबाडाने. लाल बाजूलाच! मला नाही."

"आणि तुला कळायचं नाही?"

"मला वाटायचं मीच वाईट खेळतो. दहावीत गेल्यावर कळलं."

हसता हसता त्याचे डोळे भरले. मग म्हणाला, "कापून टाकतो वायर." संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "कापली."

मी पुन्हा विचारलं नाही. आपल्या माणसाला कुणी दोनदा विचारतं का?

आता आमची ठमी. वय पाच. चालताना ठम ठम पाय आपटते म्हणून ठमी. खालचे कारागीर म्हणायचे, "वहिनी, छताला प्लॅस्टर तेवढं नवीन करून घ्या." मी कुठल्याही खोलीत असले तरी ती घरात कुठे आहे हे मला न बघता कळायचं. माझ्यासारख्या काळजीखोर बाईला देवानेच दिलेली सोय.

एका शनिवारी दुपारी नवरा सामान आणायला गेला होता. कारागिरांना सुट्टी. ठमी माझ्याजवळ चित्र रंगवत होती. आणि खालून...

टुक... टुक... टुक...

मी खाली गेले. वर्कशॉपला बाहेरून कुलूप, आतल्या जिन्याने मी आले तेवढीच. मशीन चालू होतं. लाल यान इकडून तिकडे फिरत होतं. निळं एका जागी उभं होतं. वाट पाहत असल्यासारखं.

नवरा आल्यावर म्हणाला, "अगं, डेमो असतो तो. कुणी खेळत नसलं की मशीन आपलं आपण खेळून दाखवतं, गिऱ्हाईक यावं म्हणून. मीच बंद करायला विसरलो."

पटलं. का नाही पटणार? त्याचंच क्षेत्र.

मग रोज दिवे लावायच्या वेळेला बापलेक खाली जायला लागले. मला स्वयंपाकाला मोकळीक. खालून ठमीची किंचाळी आणि त्याचं हसू ऐकू यायचं. मला बरं वाटायचं. भाऊ गेल्यापासून तो हसलाच नव्हता.

एकदा जेवताना ठमी म्हणाली, "लाल काका सारखा मरतो."

"कोण गं?"

"लाल काका. बाबा त्याला दादा म्हणतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बघत म्हणाला, "खेळ आहे गं. लाल यानाला आम्ही काका म्हणतो."

त्याच आठवड्यात मी कणीक मळत होते. मागे वळले तर...

ठमी उभी होती. अगदी जवळ.

मी दचकले. "केव्हा आलीस गं?"

"आत्ता. खालून."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ना ठम ठम. ना पायरी.

म्हटलं, कणकेत लक्ष असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. ती वर येत होती. एकेक पायरी. मधल्या पायरीवर तिने दोन्ही पाय ठेवले.

पायरी कुरकुरली नाही.

मी खाली उतरले. कुरकुरली. वर आले. कुरकुरली. तिला म्हटलं, "उडी मार बघू." तिने उडी मारली. केस उडाले, फ्रॉक उडाला...

आवाज नाही.

डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर वजन होतं तेवढंच. डॉक्टर म्हणाल्या, "मुलं शांत होतात हो मोठी होताना. तुम्ही जरा झोप घ्या."

मग तिचं गुणगुणणं थांबलं. रंगवताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची, ते. मग झोपेतलं घोरणं. मी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचे. ऊब लागायची. आवाज लागायचा नाही. जणू कुणी पोरीला घरातून थोडं थोडं उचलून नेत होतं आणि वरचं साल मला ठेवत होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू फार लक्ष ठेवतेस तिच्यावर."

शेवटी जाऊबाईंना फोन केला. इकडचं तिकडचं बोलले. त्यांनी मधेच विचारलं, "कुणाच्या पावलांचा आवाज येईना झालाय?"

मी जिन्याकडे वळून पाहिलं.

"ताई... तुम्हाला कसं कळलं?"

"दोघांचं बटण दाबलंत ना," त्या म्हणाल्या. आणि मग, "ह्यांना हरणं कधी जमलंच नाही गं."

तेवढ्यात खालून आवाज आला. टुक... टुक... टुक टुक टुक...

ठमी घरात नव्हती.

मी जिना उतरले. दार ढकललं. वर्कशॉपमध्ये दिवा नव्हता, फक्त स्क्रीनचा उजेड. ठमी उंच स्टुलावर, निळ्या दांडीवर बसलेली. नवरा तिच्या मागे, हात तिच्या खांद्यांवर. लाल दांडीसमोर कुणी नव्हतं.

आणि लाल दांडी हलत होती.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डावीकडे. उजवीकडे. एखाद्या सवयीच्या हातात हलते तशी.

लाल यानावर शत्रूची गोळी बसली. फुटलं. लाल कोपरा रिकामा झाला.

मग फळीच्या खालून...

टक्.

निळ्या कोपऱ्यातलं एक छोटं यान सुटलं. सरकत सरकत स्क्रीनच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं. लाल कोपऱ्यात जाऊन बसलं. ठमीने मान खाली टाकली, झोप लागल्यासारखी. नवरा वाकून तिच्या कानात म्हणाला, "शाब्बास. अजून थोडंच हं."

मी प्लग उपसला. स्क्रीन काळी झाली. पोरीला उचलून छातीशी धरलं, तशीच गुडघ्यावर बसले आणि मोबाइलचा उजेड फळीच्या खाली मारला.

लपलेलं बटण. बटणाची वायर.

आणि वायरच्या जोडावर, नवीकोरी, पिवळी नळी.

भुताची भीती मला नंतर वाटली, खरं सांगते. आधी नुसती ती नळी दिसत राहिली.

"तू म्हणालास कापली."

"कापली होती गं."

"मग?"

तो खाली बसला. लहान मुलासारखा. "त्याची यानं संपली की तो जातो. स्क्रीन काळी होते आणि जातोच. मला अजून थोडा वेळ हवा होता. मला वाढवलंय त्याने."

"मग तुझी द्यायचीस! स्वतःची!"

"दिली," तो म्हणाला. "माझी संपली."

"म्हणून हिला बसवलंस?"

तो मला समजावायला लागला. अगदी शांतपणे, बिल समजावतो तसं. "लहान आहे ती. तिच्याकडे भरपूर आहेत."

मी वर निघाले. पिशवीत हाताला येईल ते भरायचं आणि घर सोडायचं, एवढंच डोक्यात. तो मागोमाग आला, विनवत. "एकदाच. शेवटचं. नीट निरोप तरी घेऊ दे मला."

मधली पायरी माझ्या पायाखाली कुरकुरली.

मी पुढे गेले. मागून त्याचा आवाज येत होता. माझ्या पाठीशी, अगदी जवळून. तो त्या पायरीवर आला, पायरी ओलांडून वर आला...

काहीच नाही.

किती दिवसांपासून? मला सांगता येणार नाही. घरात मी पावलं ऐकत होते ती फक्त पोरीची. नवऱ्याची ऐकायचं कधी सुचलंच नाही.

आता मी माहेरी आहे. ठमीचं गुणगुणणं अधूनमधून परत येतं. परवा आई म्हणाली, "काय पाय आपटतेय गं ही," आणि मी मोरीत जाऊन रडले. पण आईच्या घरी जिना नाही आणि खरं काय ते तपासायची माझी हिंमत नाही. कधी कधी ठमी भिंतीपुढे बसते. डाव्या मुठीत काहीतरी धरल्यासारखं करून हलवते. मी विचारलं, "काय करतेस?"

"मोजतेय," ती म्हणाली. "माझं एक उरलंय, आई."

नवऱ्याचा रोज फोन येतो. रडतो, माफी मागतो. मी फक्त एक अट घातली होती, ते मशीन फोडून टाक. काल म्हणाला, "फोडवलं नाही माझ्याच्याने. विकलं. लहान मुलांच्या खेळघराला."

"कुठल्या?"

सांगत नाही.

"तिथे पुष्कळ मुलं येतात," म्हणाला. "दादाला करमेल."

मी त्याला ओळखत होते असं मला वाटत होतं. सात जन्म नाही, पण एक तरी.

जाऊबाईंना फोन लावते, उचलत नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. मशीन कुठे आहे मला माहीत नाही. कदाचित तुम्ही गेल्या रविवारी मुलांना नेलंत तिथेच असेल, कोपऱ्यात, काळ्या स्क्रीनचं. एक दांडी लाल, एक निळी. आणि तुम्ही खुर्चीवर बसून मोबाइल बघत असाल, मूल रमलंय म्हणून.

तुम्हाला काम सांगते म्हटलं होतं. हे वाचून झालं की शेजारच्या खोलीत जे मूल खेळत असेल त्याला हाक मारा. उठून जाऊ नका, बसल्या जागेवरूनच मारा. म्हणा, इकडे ये.

आणि ते येत असताना, तेवढा वेळ... नीट ऐका.