वर्णन अपूर्ण आहे

ती चहाचं मशीन शोधत होती आणि उघडलं भलतंच दार. आत एकटाच माणूस, समोर तीन स्क्रीन.

"चहा पलीकडे," तो मान वर न करता म्हणाला.

"आणि इथे काय?"

"सर्व्हर सांभाळतो. ते लांब आहेत, दुसऱ्या देशात."

"पाहिलेत कधी?"

"नाही."

"न पाहिलेल्यांची एवढी काळजी… नशीबवान आहेत हो."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. चहा राहूनच गेला.

ऑफिसात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. त्याचे ते दूरचे सर्व्हर आता एक एआय एजंट सांभाळणार होता, आणि एजंटच्या हाती द्यायच्या प्रत्येक टूलचं, म्हणजे त्याला करता येईल अशा एकेका कामाचं, वर्णन लिहायला तिला तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. याआधी ती औषधांच्या खोक्यातले माहितीचे कागद लिहायची. एजंटला टूलखाली लिहिलेलं असेल तेवढंच ठाऊक. मौनीबाबाने लिहिलेलं एक वर्णन असं होतं: 'सर्व्हर रीस्टार्ट करतो.' बस्स. पहिल्या चाचणीत भर दुपारी सर्व्हर जरा मंदावला, एजंटने बेधडक रीस्टार्ट केलं आणि चाळीस जणांचं सेव्ह न केलेलं काम पाण्यात गेलं.

"रीस्टार्ट केलं की आतले सगळे बाहेर फेकले जातात, हे लिहिलं का नाहीत?"

"त्यात लिहायचं काय? मला माहीत होतं."

"त्याला नव्हतं."

तो स्क्रीनकडे वळला. कान मात्र लाल झाले, आणि ते तिला फार आवडलं.

मग रोज ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसू लागली. हे टूल कधी वापरायचं? कधी हातही लावायचा नाही? फसलं तर काय? तो दोन शब्दांत उत्तर लिहायचा. ती 'वर्णन अपूर्ण आहे' असा शेरा मारून परत पाठवायची. संध्याकाळी सगळं आत्याला वाचून दाखवायची. आत्या निवृत्त नर्स, सर्व्हरशी सुतराम संबंध नाही. आत्या जिथे अडेल तिथे एजंटही अडेल, असा तिचा ठोकताळा होता.

"हा मुलगा फार जपून बोलतो गं," आत्या एकदा म्हणाली.

"कोण मुलगा? मी टूल वाचतेय."

"हो हो. वाच."

तिसऱ्या आठवड्यात ती येण्याआधीच दुसरी खुर्ची मांडलेली असे. तिला कोंदट वाटतं म्हणून खिडकी उघडी असे. साहेबांनी तिला कायमची नोकरी देऊ केली होती. दुसऱ्या शहरातलं कामही सोमवारपासून तयार होतं. तिने शुक्रवारी रात्रीपर्यंत मुदत मागितली. कशासाठी, हे साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. जगाला प्रश्न विचारणारी ती – पण हा एक प्रश्न काही तिच्या ओठांवर येईना.

शुक्रवारी पुन्हा चाचणी झाली. सर्व्हर मंदावला. एजंटने आत किती जण आहेत ते पाहिलं आणि थांबून मौनीबाबाला विचारलं: रीस्टार्ट करू का?

"विचारलं त्याने," तो हळूच म्हणाला.

"विचारायचं असतं, असं लिहिलंय ना आपण."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. तिने बॅग उचलली.

घरी येऊन तिने सवयीने फाइल उघडली. शेवटी एक नवीन नोंद होती. ती आत्याला वाचून दाखवू लागली.

'टूल: थांबवणे. काय करतं: ती सोमवारी जाणार आहे, तिला जाऊ नका म्हणतं. कधी वापरावं: आजच. कधी वापरू नये: तिला जायचंच असेल तर. फसल्यास: पुन्हा विचारू नये. चहाचं मशीन मात्र पलीकडेच आहे. टीप: मला ती आवडते. हे तिला माहीत असेल असं धरून चाललो होतो. चूक झाली.'

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. आत्याने एकदाही मध्ये टोकलं नव्हतं.

"कुठे अडलीस?" तिने विचारलं.

"मी? छे. लख्ख कळलं." आत्याने चष्मा काढून पुसला. "तू का अडलीयेस?"

तिने त्या नोंदीखाली शेरा लिहिला: 'वर्णन पूर्ण आहे. सोमवारी खुर्ची मांडून ठेवा.'