वनस्पती विभागातलं पाणी

सकाळी वनस्पतिशास्त्र विभागाचं दार उघडलं आणि शिपाईमामांच्या चपलांवरून पाणी वाहत बाहेर आलं.

उपप्राचार्या धावतच वर गेल्या. भिंतीलगतची लाकडी कपाटं सताड उघडी होती. कागदांवर दोऱ्याने टाचलेल्या वाळक्या वनस्पतींचा, तीन पिढ्यांनी जमवलेला संग्रह चिंब भिजला होता. प्रयोगशाळेच्या नळाची रबरी नळी अजूनही एका कपाटात तोंड खुपसून पडली होती.

आणि नेमकी आजच दुपारी कॉलेजची तपासणी करणारी समिती येणार होती. आपली उद्दिष्टं काय, ती कशी पुरी होतात, हे प्रत्येक विभागाने तिच्यापुढे मांडायचं होतं. एक विभाग बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्र, नाहीतर संगीत.

"संगीताच्या बाईंशिवाय कोण?" प्राचार्यांनी निकालच लावला. "भर बैठकीत म्हणाल्या ना, वाळक्या पाल्याला दोन खोल्या आणि माझ्या मुलांना गायला जागा नाही म्हणून? खोली शेजारचीच. आजच निलंबित करतो."

उपप्राचार्या तर्कशास्त्र शिकवायच्या. निष्कर्ष आधी आणि पुरावा मागून आला की त्यांचं डोकं उठायचं. "दुपारपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या.

संगीताच्या बाईंचे डोळे रडून रडून लाल झाले होते.

"काल संध्याकाळी इथेच होतात?"

"होते. मुलं गेल्यावर वाद्यं आवरत होते. बाहेर अंधार पडला होता."

"काही ऐकलंत?"

"पाण्याचा आवाज. वाटलं, कुणीतरी बरण्या विसळतंय."

"आणि बैठकीतलं बोलणं?"

"रागाच्या भरात बोलले हो! म्हणून मी असलं काही करीन?"

शिपाईमामांना खोदून विचारलं.

"किल्ली कुठे असते?"

"ऑफिसातल्या खिळ्याला. कुणीही घ्यावी."

"अंधार पडल्यावर वर दिवा दिसला?"

"मी समोरच्या व्हरांड्यात बसलो होतो, बाई. त्या खिडक्यांना पडदे नाहीत. दिवा सोडा, बॅटरीचा उजेडसुद्धा दिसला नाही."

वनस्पतिशास्त्राचे सर, म्हणजे विभागप्रमुख, स्टाफरूमच्या खिडकीशी बसले होते. उपप्राचार्या विद्यार्थिनी असताना त्यांच्याच वर्गात शिकल्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या.

सरांनी मान वळवली. "कोण आहे?"

"मी, सर."

"अगं, तू होय! ये."

"काही कागद पंख्याखाली वाळवले तर वाचतील. मुलांना बोलावते."

"नको!" सर ताडकन म्हणाले. "टाकून द्या सगळं. हात लावू नकोस त्याला."

उपप्राचार्यांना चमत्कारिक वाटलं. एखाद्या पानाचं टोक दुमडलं तरी हा माणूस वर्ग डोक्यावर घ्यायचा.

त्या एकट्याच वर गेल्या. एक कागद अलगद उचलला. देठ होता, दोऱ्याचे टाके होते. पान नव्हतं. दुसरा उचलला. मूळ होतं, खोड होतं. पान नव्हतं. नळापासून कपाटापर्यंतची वाट अगदी चिंचोळी; दोन्ही बाजूंना जमिनीवर काचेच्या बरण्यांची रांग. एकीला ओरखडासुद्धा नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या. मन जिथे चाललं होतं तिथे त्यांना जायचं नव्हतं.

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत सर आणि संगीताच्या बाई समोरासमोर बसले होते.

"दिवा न लावता हे काम झालंय," उपप्राचार्या म्हणाल्या. "कुणी म्हणेल, पकडलं जाऊ नये म्हणून. पण परक्या माणसाने काळोखात त्या वाटेने नळी ओढली असती, तर दोन-चार बरण्या फुटल्याच असत्या. हा माणूस तिथे उजेडाशिवाय रोज वावरतो."

त्यांनी एक भिजका कागद टेबलावर ठेवला.

"आणि एका रात्रीत पान भिजतं, त्याचा लगदा होतो. नाहीसं होत नाही. ती पानं कीड आधीच खाऊन गेली होती. संग्रह नासवायला नाही, नासलेला संग्रह झाकायला पाणी सोडलंय." त्यांचा आवाज खाली आला. "सर, तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

प्राचार्य उठून उभे राहिले. सर मात्र शांत होते.

"कडेचं थोडं दिसतं अजून. समोरचं गेलं. गेल्या आठवड्यात समितीसाठी कपाटं उघडली, तर बोटांना नुसता भुगा लागला. वर्षानुवर्षं मीच तपासत होतो गं! तपासतोय असं वाटत होतं." त्यांनी ओठ आवळले. "आमच्या विभागाचं पहिलंच उद्दिष्ट आहे, विद्यार्थ्यांना बघायला शिकवणं. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि माझं काय?" संगीताच्या बाई ओरडल्या. "सकाळपासून सगळे माझ्याकडे मी चोर असल्यासारखं बघतायत. ते तरी कळलं असेल ना तुम्हाला?"

"कळलं," सर म्हणाले. "मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"दुसऱ्यांनी घेतलं तेव्हा गप्प बसलात!"

प्राचार्य पुटपुटले, "समितीला सांगू, नळ फुटला म्हणून."

"नाही," संगीताच्या बाई म्हणाल्या. "यांनी सांगायचं. सगळ्यांसमोर."

सर बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिले. मग उठले. "सांगतो."

सभागृह खालच्या मजल्यावर होतं. जिन्याशी उपप्राचार्यांनी कोपर पुढे केलं. सरांनी ते झिडकारलं, कठड्यावर हात ठेवला. एक पाय हवेत घुटमळला.

मग त्यांनी उपप्राचार्यांचं कोपर धरलं.

"पायऱ्या संपल्या की सांग," ते म्हणाले.