पाठमोरी

अल नहदामध्ये, शारजाच्या बाजूला, रस्ता ओलांडला की दुबई लागते तिथे एका टॉवरच्या तळाशी माझं फ्रेमचं दुकान आहे. एका हाताला लाँड्री, दुसऱ्या हाताला मल्याळी कॅफेटेरिया. लोक मुलांच्या डिग्र्या आणतात, कुराणातल्या आयती आणतात, निरोपाच्या दिवशी कंपनीने दिलेलं काहीबाही आणतात. मी चित्र बघत नाही, माप बघतो. बघत बसलं की हात चुकतो आणि काच वाया जाते. मी मुनीर, मूळचा दाभोळच्या खाडीवरचा. भुताखेतांच्या गोष्टींचा मला लहानपणापासून कंटाळा. गावी कुणी तसलं सुरू केलं की मी सरळ उठून चहा टाकायला जातो. म्हणून हे सांगताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण सांगतो.

घरात तेव्हा लग्नाची गडबड होती. माझी मुलगी इनाया दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते, तिचं ठरलं होतं. तिची आई हलिमा ती अगदी लहान असताना गेली. हलिमाचा फोटो म्हणाल तर एकच, व्हिसाचा. स्कार्फ कपाळापर्यंत ओढलेला, ओठ मिटलेले, असल्या फोटोत सगळेच दिसतात तशी घाबरलेली. आमच्या लग्नात सासऱ्यांनी कॅमेरा दारातून आत येऊ दिला नव्हता, आणि पुढे हलिमानेही कधी फोटो काढू दिला नाही. "काढलात तर बोलणार नाही हं!" म्हणायची आणि ओढणी तोंडावर घ्यायची. आता तिच्याकडचं मोठं माणूस कुणी उरलेलं नाही. हसणारी हलिमा फक्त माझ्या डोक्यात होती.

इनाया झोपताना विचारायची, "पपा, टेल मी हाऊ शी लाफ्ड." मग मी सांगायचो. आधी डोळे हसायचे, मग खालचा ओठ दाताखाली जायचा, आणि तरी आवरलं नाही की मान मागे टाकून मोठ्याने. लग्न ठरल्यावर पोरीने हट्टच धरला. तिची मैत्रीण सफा चित्रं छान काढते. शुक्रवारी सफा घरी येणार, मी सांगायचं, तिने काढायचं, मी फ्रेम करायची आणि इनायाने ते सासरी न्यायचं.

"यू जस्ट क्लोज युअर आइज अँड टेल, पपा."

मला काय, मी रोज डोळे मिटून तेच तर बघत होतो.

त्याच आठवड्यात यम्ना मॅडम दुकानात आल्या. मोरोक्कोच्या, शाळेत फ्रेंच शिकवायच्या, वरच्याच टॉवरमध्ये राहायच्या. "खलास, मुनीर," म्हणाल्या, "आता कायमची घरी चालले." हातात एक जुनी मोठी फ्रेम होती. ती मोडायला आली होती, प्रवासाला टिकेल अशी नवी हवी होती.

चित्र फ्रान्सचं, शंभरेक वर्षांपूर्वीचं छापील. मॉरव्हाल नावाचा कुणी व्यंगचित्रकार होता म्हणे. समुद्रकाठच्या एका शहरात बसून तिथल्या बड्या लोकांना काढायचा. घोड्यांच्या शर्यती, चहापानं, नाचाच्या रात्री. कुणाचं नाक वांग्याएवढं, कुणाचं पोट मालकाच्या आधी पुढे पोचलेलं. तरी त्याच्या चित्रात यायला लोकांची झुंबड उडायची, असं मॅडम म्हणाल्या.

"माउंट रुंद लाव," त्या म्हणाल्या. "कडा झाकल्या गेल्या तरी चालतील."

माउंट म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये बसतो तो कापलेला पुठ्ठा. तो चित्राची कड जराशी जरी खायला लागला तरी गिऱ्हाईक भांडायला उठतं. ही बाई स्वतःहून कडा झाकायला सांगत होती. मला नवल वाटलं, पण गिऱ्हाइकाची मर्जी.

दुपारी फ्रेम उघडली. जुना माउंट उचलला तर खालून चित्राचा झाकलेला पट्टा बाहेर आला. मधला भाग पिवळा पडला होता, हा पट्टा अगदी ताजा. फिकट हिरवा समुद्र, लांबलचक कठडा आणि कठड्याला रेललेली माणसं. आणि मी, जन्मात चित्र न बघणारा, ते बघायला लागलो. काय हात होता हो त्या माणसाचा! चार रेघा, की माणूस उभा.

एक जाडा गृहस्थ दुर्बीण डोळ्याला लावून शर्यत बघत होता. उंच हॅट, टाचा उचललेल्या, पोट कठड्यावर ठेवलेलं. बघता बघता मला हसू फुटलं. अरे, हा तर आपला दगड्या!

दगडू गुहागरकडचा, सुतार. दुबईतल्या देरामध्ये आम्ही एका खोलीत वर्षानुवर्षं काढली. शुक्रवारी तो बांगड्याचं कालवण करायचा आणि टोपात डोकावताना टाचा अशाच उचलायचा. खोलीत एकच पंखा, त्याखाली झोपायची पाळी ठरलेली, आणि दगड्या दर वेळी माझी पाळी मारायचा. वर म्हणायचा, "मुन्या, तू खाडीचा, तुला घामाची सवय." काय दिवस होते! खिशात काही नव्हतं आणि रात्री पोट दुखेपर्यंत हसायचो. तो नोकरी खलास करून कायमचा गावी गेला तेव्हा एअरपोर्टवर मी लहान पोरासारखा रडलो होतो. त्या आठवणीत जीव असा भरून आला की तिथल्या तिथे त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"काय रे मुन्या, यल्ला, आज कशी आठवण झाली?" आवाज त्याचाच.

चेहरा मात्र कुणाचा तरी होता.

म्हणजे म्हातारा झाला होता असं नाही. म्हातारपण मला कळतं. मी त्या चेहऱ्यात दगडूला शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. डोळे, मिशी, कपाळावरची खूण, सगळं होतं, पण बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाचं असावं तसं. "असा काय बघतोस? भूत दिसलं काय?" तो हसला. त्याचं हसणंही मला ओळखता आलं नाही. कसाबसा फोन ठेवला आणि भिंतीवरचा देरातला ग्रुप फोटो बघितला. तिथेही तेच. दगडू म्हटलं की डोळ्यांपुढे एक हॅट, एक पोट आणि दोन उचललेल्या टाचा. चार रेघा, बस्स.

शुगर वाढली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि दुकान लवकर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ठरवून गेलो की माप घ्यायचं, माउंट कापायचा, विषय संपवायचा. पट्टी ठेवायला वाकलो आणि कठड्याच्या अगदी टोकाला एक बाई दिसली. कालही असेलच, मी पाहिली नव्हती. पाठमोरी, समुद्राकडे बघत असलेली. लांब कोट, पिसाची टोपी, सगळा फ्रेंच थाट. पण उजवा पाय बुटातून बाहेर काढलेला आणि डाव्या पावलावर ठेवलेला.

मी स्टुलावर बसलो.

ममझरच्या किनाऱ्यावर हलिमा अशी उभी राहायची. शुक्रवारी संध्याकाळी इनायाला कडेवरून माझ्याकडे द्यायची, चप्पल काढायची आणि एक पाय दुसऱ्यावर ठेवून पाण्याकडे बघत राहायची. "हा समुद्र आपल्याकडेच जातो ना हो?" विचारायची. मी म्हणायचो, जातो, पण फार फिरून जातो. मग ती मागे वळून हसायची.

तुम्ही म्हणाल, पाय तर कुणीही असा ठेवेल. मीही तेच म्हणालो. म्हणून पट्टी लावली. खांद्यापासून कठड्याच्या खांबापर्यंत अंतर मोजलं, पेन्सिलीने पुठ्ठ्यावर खूण केली आणि दुपारी जोहरच्या नमाजला गेलो. परत येऊन पट्टी लावली तर खांदा खुणेच्या अलीकडे आला होता. टोपीखाली कानाची पाळी दिसत होती. सकाळी कान नव्हता, शपथेवर सांगतो.

ती वळत होती.

या अल्लाह, किती आनंद झाला मला! भीती नंतर आली. इतक्या वर्षांनी ती वळणार होती, मी समोर होतो, आणि मला फक्त बसून राहायचं होतं. कॅफेटेरियातला चहा आला तो तसाच गार झाला. दारात कुणी गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानेच परत पाठवलं. गालाची रेघ दिसायला लागली. एकच रेघ, पेनाची, काळी.

तेव्हा दगडू आठवला.

नव्हे, दगडू आठवलाच नाही. हॅट आठवली. पोट आठवलं.

शुक्रवारी सफा येणार होती. मी डोळे मिटून सांगणार होतो. ही वळली तर मिटल्या डोळ्यांत काय उरेल? एक टोपी. एक नाक. पोरीला सासरी काय देऊ?

मी मान फिरवली.

माउंट चाचपडत घेतला, चित्रावर ठेवला, वर काच दाबली. तसेच खिळे ठोकले. अंगठ्यावर हातोडी बसली तरी खाली बघितलं नाही.

पुठ्ठ्याखाली किंचित सरसर झाली. कागद बसताना होते तशी.

संध्याकाळी यम्ना मॅडम आल्या. फ्रेम उलटसुलट करून पाहिली, कडा नीट झाकल्यात याची खात्री केली. मग हळूच विचारलं, "ओळखीचं कुणी भेटलं?"

मी मान डोलावली.

"पुढून, की मागून?"

"मागून," मी म्हणालो. "वळायच्या आधीच झाकलं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझे वडील मला पुढून दिसले होते. लहान होते मी. निदान त्या रेघा तरी आहेत माझ्याकडे," म्हणाल्या. "बघायला हवं होतंस, हबीबी." आणि फ्रेम छातीशी धरून त्या गेल्या. दोन दिवसांनी त्यांचा फ्लॅट रिकामा झाला.

शुक्रवारी जुम्म्यानंतर सफा आली. हैदराबादची, गोड पोरगी, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलते. टॅब मांडीवर घेऊन बसली. इनाया माझ्या पायाशी सतरंजीवर, हात गालावर, लहानपणी बसायची तशी.

"ओके, पपा. क्लोज युअर आइज."

मिटले. ममझर दिसला. हलिमा उभी होती, पाण्याकडे तोंड करून. मी हाक मारली. ती वळली नाही.

स्वयंपाकघर दिसलं. ती गॅसपाशी, पाठमोरी. आमचा निकाह झाला तो दिवस. बायकांच्या घोळक्यात, पाठमोरी. हॉस्पिटलची खोली, शेवटचे दिवस, मी तिचा हात धरला होता, चेहऱ्यासमोर बसलो होतो. त्या खोलीतही ती भिंतीकडे तोंड करून होती.

"अंकल? आँखें कैसी थीं?"

मी बोलायला लागलो. आधी डोळे हसायचे, मग खालचा ओठ दाताखाली. शब्द सगळे पाठ होते. इतकी वर्षं सांगितलेले, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. इनाया हुंदके देत होती. सफाची पेन्सिल टॅबवर सरकत होती.

मग सफाने टॅब माझ्यापुढे धरला. त्यावर दोन चेहरे होते, शेजारी शेजारी. दोन्ही बायका हसत होत्या. दोघींनाही मी ओळखत नव्हतो. इनाया श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होती. बोट कुठेतरी ठेवायलाच हवं होतं.

"ही," मी डाव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हीच. अगदी अशीच हसायची."

इनायाने टॅब हिसकावून घेतला, स्क्रीनची पापी घेतली, आणि "माय मम्मा, माय मम्मा" करत चित्र सासरच्या सगळ्यांना पाठवायला आतल्या खोलीत पळाली. सफा जागची हलली नाही. तिचा चेहरा उतरला होता. दाराशी चपला घालताना ती माझ्याजवळ आली आणि आतल्या खोलीकडे बघत अगदी हळू बोलली.

"अंकल, वो लेफ्टवाला तो सिर्फ सॅम्पल था. प्रॅक्टिस के लिए पहले से बनाके रखा था. मेरी अम्मी है वो."

"तिला सांगू नको, बेटा," मी म्हणालो.

आतून इनाया मोठमोठ्याने हसत कुणाला तरी फोनवर सांगत होती की आईचं नाक अगदी तिच्यासारखं आहे.