डावीकडची झील

नानाजीनं स्पीकरची उजवी पेटी उघडली आणि पहिली शिवी दिली ती मेलेल्या भावाला. आत उंदरांनी तणसाचं घर केलं होतं. भोंग्याच्या कडेचा फोम कुजून चिकट झाला होता, बोट लावलं की काळा हाताला येत होता.

"गोठ्यात ठेवली असन हरामखोरानं," तो म्हणाला. ऐकायला घरात बायको देवकाबाईच होती. तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

नानाजीचं मूल गावी मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. तांब्याची तार आणि करंट, एवढ्यावर त्याचा विश्वास. बाप मात्र शाहीर. बापूजींची खडी गंमत, म्हणजे रात्रभराचा तमाशा, असली की आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. कोळसा खाणीतला एक साहेब त्यांच्या गाण्यावर असा खूश झाला, की बंगल्यावर बोलावून दोन माइक लावून त्यानं एक कॅसेट भरून घेतली. बदली होऊन जाताना कॅसेट, टेप, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकरची ही विलायती जोडी बापूजींनाच देऊन टाकली. कॅसेटवर मधोमध बापूजी, आणि झील धरायला, म्हणजे शाहिराची ओळ मागून उचलायला, त्यांची दोन पोरं. डाव्या हाताला नानाजी, उजव्या हाताला धाकटा बिरजू. शाहिरानं कडवं टाकलं की आधी डाव्यानं उचलायचं, मग उजव्यानं. झील मिळाल्याशिवाय शाहीर पुढच्या कडव्याला हात घालत नाही, ही बापूजींच्या फडाची रीत.

बापूजी गेले आणि वाटणीत दोघा भावांची शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जुंपली. ते भांडण येऊन थांबलं या पेट्यांवर. एक पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर नानाजीला. दुसरी पेटी, टेप आणि कॅसेट बिरजूला. पंच हसले, पण भाऊ हटले नाहीत. मग बापाचा आवाज ना याच्या घरी वाजला, ना त्याच्या. गाव एकच, पण बोलणं बंद.

कधीतरी तोंड पाडून दारात येईल, मग त्याला असा फैलावर घेईन, हे नानाजीनं मनात घोकून ठेवलं होतं. आणि हा शहाणा भर उन्हाळ्यात एकटाच जंगलात मोहाची फुलं वेचायला गेला. वाघानं नेला. भांडण अर्धं टाकून गेला! नानाजीला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून उतरला नव्हता. तेरवी झाल्यावर बिरजूच्या बायकोनं, आचलनं, सगळं सामान ऑटोत घालून पाठवून दिलं. आता नानाजीला एकच पाहिजे होतं. बापाचा आवाज एकदा पुरा ऐकायचा, बिरजूच्या नाकावर टिच्चून.

त्यानं दोन्ही भोंगे साफ केले, रबराच्या नव्या कडा चिकटवल्या. उजव्याची कॉइल गेली होती, ती स्वतः गुंडाळली. मग सेलच्या तारा टेकवून पाहिल्या. जोडणी बरोबर असेल तर भोंगा बाहेर सरकतो. दोन्ही सरकले. म्हणजे आता जोडी मिळून वाजणार आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका मधोमध उभा राहणार.

राहिलाही. दोन पेट्यांच्या मध्ये, जिथं नुसती भिंत होती, तिथं बापूजी खाकरले. नानाजीचे डोळे भरून आले. पहिलं कडवं संपलं आणि डावीकडून त्याचाच पोरवयातला आवाज उठला, बारीक, धीट. मग बिरजूची पाळी.

उजवीकडं काहीच नव्हतं. डफ तेवढा वाजत होता. बिरजूची झील संपायला लागेल तेवढा वेळ गेला, आणि बापूजींनी पुढचं कडवं धरलं.

नानाजीनं तारांची अदलाबदल केली. त्याचा पोरवयातला आवाज आता उजव्या पेटीतून आला, तिच्यात काही खोट नव्हती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुसली! स्वतःची झील स्वतः पुसली, मला पुरं मिळू नये म्हणून!

त्यानं तारा होत्या तशा केल्या आणि आचलला निरोप धाडला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि डोक्यावर पदर घेऊन दाराशीच उभी राहिली.

"काऊन पुसला त्यानं आवाज?"

"कोनता आवाज, भाऊजी?"

"त्याचा! कॅसेटीतला!"

"आमच्या घरी नुसता टेप, आवाजाची मशीन त तुमच्या घरी. कॅसेट फडक्यात बांधून ठेवली होती. म्हनत, दादा बलावल तवाच आयकीन."

"मंग आला काऊन नाई? पाय मोडले होते का त्याचे?"

"तुमी बलावलंच नाई."

दात-ओठ खात नानाजीनं फीत मागं नेली, बटण दाबलं आणि समोरच्या खुर्चीत बसला. देवकाबाई चहा टाकायला आत गेली.

बापूजींनी कडवं टाकलं. या वेळी डावीकडून काही आलं नाही.

उजवीकडून आलं. पोराचा नव्हे, मोठ्या माणसाचा आवाज, बसका, बिडीनं खरवडलेला.

आचलनं दाराची चौकट धरली. "हे त आमचे हे होत," ती म्हणाली. "मोहाले जातानी असेच गुनगुनत."

बापूजी पुढं गेले नाहीत. त्यांनी तेच कडवं पुन्हा टाकलं. डावीकडं शांतता. उजवीकडून झील. पुन्हा तेच कडवं.

कॅसेटवर ते कडवं एकदाच होतं. नानाजीनं वाकून पाहिलं. फीत सरळ पुढं चालली होती.

डफ थांबला.

"डावा कुठी हाये?" बापूजींनी विचारलं.

"येत नाई थो," उजव्या पेटीतून बिरजू म्हणाला. "रुसून बसला."

नानाजीचं डोकंच फिरलं. "मी रुसलो? मी? तू गेलास बे टाकून!" तो ओरडला, आणि त्याच रागात, छाती फुटेस्तोवर, त्यानं झील उचलली.

ती डाव्या पेटीतून आली.

बापूजींनी दुसरं कडवं धरलं.

देवकाबाई चहा घेऊन आली. रिकाम्या खुर्चीकडं पाहून थबकली. "हे कुठी गेले वो?"

आचल डाव्या पेटीकडं बघत होती.

"इथीच त हावो!" नानाजी म्हणाला.

देवकाबाईनं कपाळाला आठी घातली. "थो आवाज कमी कर वो आचल. काई आयकू येत नाई."

आचलनं बटण फिरवलं. कपबशीचा आवाज, देवकाबाईच्या हाका, बाहेरची कोंबडी, नानाजीला सगळं बारीक होत गेलेलं ऐकू आलं. बापूजी मात्र आता अगदी शेजारी उभे होते, आणि त्यांच्या पलीकडून बिरजूनं त्याच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.